परान्न

प्रज्ञाचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. मध्ये बोटभर फट राहायची आणि तिच्यातून माझ्या सुया खाली पडायच्या. एके दिवशी तिने दोन्ही टेबलांवरून रुंद चिकटपट्टी ओढून फट बुजवून टाकली आणि म्हणाली, "घ्या अक्का, आता आपण एका बाकावरच्या."

ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि मी एक्कावन्न. एका बाकावर बसायचं वय दोघींचंही नव्हतं. पण मला त्या बोलण्याने इतकं बरं वाटलं की घरी जाऊन तुळशीला दिवा लावताना मी एकटीच हसले.

जळगावात रिंग रोडजवळ योगराजच्या वडिलांचा छापखाना होता. तो बंद पडल्यावर योगराजने पुण्याहून येऊन वरचा हॉल रंगवून घेतला, आठ टेबलं टाकली, पंखे लावले. घरात बसून एकट्याने काम करणाऱ्यांनी इथे यावं, शेजारी बसून आपापलं काम करावं, लागलं तर एकमेकांना हात द्यावा, अशी त्याची कल्पना. पाटीवर त्याने छान नाव लिहून घेतलं होतं, पण आम्ही सगळे 'वरचा हॉल'च म्हणायचो. पुनम लग्नपत्रिकांची आणि दुकानांच्या पाट्यांची अक्षरं काढायची. ती आमच्या भाऊबंदांतली सून, माझी चुलत जाऊ लागते. माझे यजमान गेले, मुलगा प्रेमराज नोकरीसाठी पुण्याला राहिला, आणि मी दिवसदिवस कुणाशी बोलेनाशी झाले, तेव्हा तिनेच मला हाताला धरून इथे आणलं. म्हणाली, "तुमच्या गोधड्या घरात कोण बघतंय? तिथे बसून शिवा."

स्वप्नील अमळनेरकडचा. पुस्तकं वाचून त्यांचं ध्वनिमुद्रण करायचा. आवाज घुमू नये म्हणून त्याने कोपऱ्यात माझ्याच चार गोधड्या टांगून एक खोपटं केलं होतं. आत वाचत असला की शुद्ध पुस्तकी मराठी, आणि गोधडी बाजूला सारून बाहेर आला की अहिराणी.

प्रज्ञा मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. दीपनगरची. वडील, आधारनाना, वीज केंद्रात होते, आता निवृत्त. रोज भुसावळहून बस धरून यायची आणि आल्याआल्या माझ्या तांब्यातलं पाणी पिऊन मग पंख्याखाली बसायची.

आमचं दोघींचं काम एकत्र आलं ते अंध मुलांच्या पुस्तकामुळे. एका संस्थेला कापडी पुस्तक हवं होतं, बोटांनी वाचायचं. प्रज्ञाने चित्रं काढायची, मी ती कापडावर उठवायची. केळीच्या पानाला साटीन, बोंडाला खरा कापूस, बैलाच्या पाठीला मखमल. विषय आपला खान्देश. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "अक्का, एक पान वीज केंद्राच्या चिमण्यांचं पाहिजे."

"अगं, मुलांना चिमण्या कशाला?"

"तुम्हा सगळ्यांना खान्देश म्हटलं की केळी दिसते. मी सकाळी डोळे उघडले की मला चिमण्या दिसायच्या. मी काय खान्देशातली नाही?"

मी चिमण्या शिवल्या. राखाडी लोकर पिंजून धूरसुद्धा केला.

दर बुधवारी दुपारी सगळ्यांची परीक्षा व्हायची. डोळे मिटायचे, नवीन पानावरून बोटं फिरवायची आणि काय आहे ते सांगायचं. स्वप्नीलने बैलाच्या पानावरून हात फिरवून सांगितलं, "ही आमनी मावशी शे." प्रज्ञा हसता हसता खुर्चीवरून खाली बसली. मग डबे उघडायचे. आठ टेबलांतली तीन एकत्र ओढायची आणि कुणाचं काय, ते मधोमध.

चातुर्मासात मी परान्न घेत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या घरी शिजलेलं खात नाही. कांदा-लसूणही नाही. सासूबाईंनी मला हा नियम दिला आणि यजमान गेल्यावर तो मी जास्तच घट्ट धरला. हॉलमध्ये पहिल्याच वर्षी मी हे सगळ्यांना सांगून टाकलं, कुणी वाईट वाटून घेऊ नये म्हणून. कुणी घेतलंही नाही. प्रज्ञाने थोडा विचार केला आणि विचारलं, "फळ चालतं का अक्का? फळ काही शिजवलेलं नसतं."

चालतं म्हटलं. त्यानंतर प्रत्येक चातुर्मासात दर बुधवारी ती माझ्यासाठी दोन केळी आणायची. पिशवीत दबू नयेत म्हणून रंगांच्या डब्यात ठेवून आणायची. केळ्याला कधी कधी रंगांचा वास यायचा. मी काही बोलले नाही, गोडच लागायची ती.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी आम्ही पुस्तकात कानबाईचं पान घ्यायचं ठरवलं.

कानबाई आमच्याकडे श्रावणात येते. आमचं मूळ घर धुळ्याला, देवपुरात. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे भाऊबंद तिथे जमतात. नारळाला नथ घालून, डोळे लावून, देवी बसवायची. रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी बायांनी डोक्यावर घेऊन पांझरा नदीवर पोचवायची. आणि रोट. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, ते गहू एकत्र दळायचे आणि त्या पिठाचा नैवेद्य करायचा. पुरणाचे जाड रोट आम्ही करतो. ते भाऊबंदांनीच खायचे.

हे सगळं मी प्रज्ञाला सांगितलं. तिने किती प्रश्न विचारले! नथ कोणत्या बाजूला? मूठ पुरुषाची की बाईची? पोटातल्या बाळाची मूठ घेतात का? माझी मूठ तिने टेबलावर ठेवायला लावली आणि तिचं चित्र काढलं. नारळाच्या शेंडीला मी काथ्या लावला, नथीला खरे मणी ओवले. त्या बुधवारी पुनमने डोळे मिटून नथीला हात लावला आणि लगेच दोन्ही हात जोडले. प्रज्ञा माझ्याकडे बघून इतकी खुलली, जशी परीक्षेत पहिली आलेली पोर.

त्यानंतरच्याच रविवारी कानबाई होती. पुनमला एका दुकानाची पाटी सोमवारीच द्यायची होती, म्हणून ती धुळ्याला येऊ शकली नाही. पण गव्हात तिच्या नावाची मूठ होती, म्हणजे तिचा वाटा तिच्यापर्यंत पोचायला हवा. मी मंगळवारी परतले आणि बुधवारी स्टीलच्या डब्यात रोट घालून हॉलमध्ये गेले.

डबे उघडले. स्वप्नीलने मान लांब केली. "अक्का, डबामा काय शे?"

"पुनमचा वाटा आहे."

"पुनमवहिनी, एकटीच बठ्ठा खाशी का?"

"सगळा खाईन. तुला काय करायचंय?" पुनम म्हणाली.

मी पुनमच्या ताटलीत दोन रोट ठेवले. डब्यात आणखी दोन होते. प्रज्ञा माझ्या डाव्या हाताला बसली होती. तिने आपल्या डब्याचं झाकण उलटं करून माझ्यापुढे सरकवलं. म्हणाली, "अक्का, मला एक तुकडा. जिचं चित्र काढलं, तिचा प्रसाद कसा लागतो बघू तरी."

माझा हात आधी हलला. मी डब्याला झाकण लावलं आणि ते नीट बसावं म्हणून वरून दाबलंसुद्धा. बोलले त्यानंतर.

"अगं, हे भाऊबंदांतच खायचे असतात. बाहेर देत नाहीत. मी सांगितलं होतं ना तुला?"

"हो की," ती म्हणाली. "विसरलेच."

तिने झाकण परत ओढलं. मग आपल्या भाकरीचा एक तुकडा मोडून त्यात ठेवला, म्हणजे त्यासाठीच झाकण पुढे घेतलं होतं असं दिसावं. मी ते पाहिलं. पाहिलं आणि मनात म्हटलं, समजूतदार आहे पोर.

पुनम रोट खात होती. स्वप्नीलने ध्वनिमुद्रणाचं काहीतरी काढलं. बोलण्यासारखं काही झालंय, असं मला तरी वाटलं नाही. नियम होता, तो मी पाळला.

त्या बुधवारीही तिने केळी आणली होती. जेवणानंतर माझ्यासमोर ठेवली.

गुरुवारी आली नाही. शुक्रवारी आली, चिमण्यांच्या पानाची कड नीट नव्हती ती मला दाखवली आणि दुपारीच निघाली. पुढच्या आठवड्यात एकच दिवस आली. मग योगराजने चहाच्या वेळी सांगितलं की पुढच्या महिन्यापासून प्रज्ञा टेबल सोडतेय.

"का रे?" मी विचारलं.

"जाण्यायेण्याचा त्रास होतो म्हणाली. आता घरूनच काम करणार."

"तीन वर्षं नव्हता तो त्रास?"

"मी तेच विचारलं," योगराज म्हणाला, "तर हसली."

दोन दिवसांनी ती सामान न्यायला आली. माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. पुस्तकाची उरलेली तीन पानं घरून काढून पाठवीन म्हणाली. दिवा, रंगांचे डबे, कागदांच्या गुंडाळ्या, सगळं दोन पिशव्यांत मावलं. मी जिन्यापर्यंत गेले. "बुधवारी येत जा गं," म्हटलं. ती म्हणाली, "बघते अक्का." आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. असं तिने आधी कधी केलं नव्हतं. तरी मी तिथेच उभी राहून तिला आशीर्वाद दिला.

त्यानंतर मी सुई हातात घेतली की शेजारी बघायची. चार दिवसांत माझ्या हातून एक सरळ टाका पडला नाही. काम उसवायचं, पुन्हा शिवायचं. स्वप्नील हे बघत होता. एका दुपारी पुनम बाहेर गेली असताना तो गोधडी बाजूला करून बाहेर आला आणि माझ्यासमोर बसला. अहिराणी सोडून तो सरळ बोलायला लागला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"अक्का, एक सांगतो. राग धरू नका."

"सांग ना."

"मागच्या वर्षी तुम्ही मला रोट दिला होता."

मी हसले. "तुला? तू कधी झालास रे आमच्या भाऊबंदांतला?"

"तेच तर. मी डबा विसरलो होतो. तुम्ही पुनमवहिनीला दिला आणि उरलेल्यातला अर्धा मला दिला. मी म्हटलं, अक्का, चालतो का? तर तुम्ही म्हणालात, खा रे, देवी काय मोजत बसलीय?"

मला आठवेना. मग आठवलं. पाऊस होता, खालचं हॉटेल बंद होतं, आणि तो उपाशी होता. मी तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला होता. त्या वेळी नियम माझ्या मनातसुद्धा आला नव्हता.

"प्रज्ञा कुठे होती तेव्हा?" मी विचारलं, पण उत्तर मला माहीत होतं.

"इथेच. जिथे बसते तिथेच."

"मीच त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "पण मला वाटलं, बोललो तर तिला आणखी वाईट वाटेल." मग उठून आत गेला.

मी घरी आले. पाय धुतले, देवापुढे बसले, रोजचं विष्णुसहस्रनाम म्हणायला घेतलं. शंभरेक नावं झाली आणि पुढचं आठवेना. पंचवीस वर्षं तोंडपाठ असलेलं. मी डोळे मिटून बसले आणि मला डबे दिसायला लागले. बुधवारचे डबे. चातुर्मास सोडून उरलेले आठ महिने मी सगळ्यांचं खाते, असं मी स्वतःला आणि लोकांनाही सांगत आले होते. पुनमची वांग्याची भाजी मी मागून घेत होते. स्वप्नीलच्या आईची चटणी मी एकदा घरीसुद्धा नेली होती. आणि प्रज्ञाचा डबा? "बघू, एक फोड दे." "आज पोट भरलं गं." "अर्धा चमचा बस झाला." दर वेळी काहीतरी. मी कधी ठरवून केलं नाही. ते आपोआप होत होतं, आणि आपोआप होत होतं हेच मला फार लागलं. प्रज्ञाने तीन वर्षं ते अर्धे चमचे पाहिले होते. तरी ती केळी आणत राहिली. मग तिने एकदाच काहीतरी मागितलं.

मला ती परत हवी होती. माझ्या शेजारी, त्याच टेबलावर. बाकी काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. "तुझ्या घरी येऊ का गं? कापसाचं पान दाखवायचंय."

ती म्हणाली, "या ना अक्का."

शनिवारी सकाळी मी भुसावळच्या बसमध्ये बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत कापसाचं पान. मी एक ठरवून निघाले होते. तिच्या घरी जेवायचं. श्रावण होता, नियम चालू होता. तो मोडायचा. इतकी वर्षं जपलेलं त्या पोरीसाठी मोडलं की तिला कळेल, असं मला वाटत होतं. नियम मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून रविवारी निर्जळी करीन, हेही मी बसमध्येच देवाला सांगून टाकलं. सांगितल्यावर मन हलकं झालं.

भुसावळला उतरून रिक्षा केली. निवृत्तीनंतर आधारनानांनी वसाहतीबाहेर दोन खोल्या बांधल्या होत्या. दारातून त्या चिमण्या दिसत होत्या, मी शिवल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी जाड. आत भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं. फरशी इतकी स्वच्छ पुसलेली की मी चप्पल बाहेरच्या पायरीखाली काढली.

"या माय, या," प्रज्ञाची आई, कलाबाई, पदराला हात पुसत आली. "हिने इतकं सांगितलंय तुमचं, की मला वाटतं मीच रोज जाते त्या हॉलात."

नाना डॉक्टरकडे गेले होते. प्रज्ञा चटईवर चित्र काढत बसली होती, उठून उभी राहिली. पाणी दिलं. मी कापसाचं पान काढलं, तिने ते डोळे मिटून चाचपलं. "बोंड छान फुटलंय," म्हणाली. बोलणं सगळं नेहमीचं. पण 'अक्का' म्हणताना आधी जी खोडी असायची, ती नव्हती.

स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. कलाबाई एका ताटलीत केळी घेऊन आल्या. धुतलेली, पुसलेली सहा केळी, शेजारी साखरेची वाटी.

"तुमचा चातुर्मास ना माय. हिने मला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलंय, अक्का आल्या तर शिजवलेलं पुढे करू नको. तुम्हाला संकट नको."

मी ताटली हातात घेतली आणि खाली ठेवली. "कलाबाई, मी आज जेवणार आहे. जे शिजलंय ते."

कलाबाईंनी प्रज्ञाकडे पाहिलं. "नाही माय. डाळीत लसूण पडलाय."

"असू दे."

"तुमचं व्रत आमच्या घरात मोडायला नको. उद्या तुम्हाला काही झालं, तर माझ्या जिवाला लागून राहील."

"काही होत नाही. मला वाढा."

"अहो, पण..."

"आई, वाढ," प्रज्ञा म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने हे इतकं शांतपणे म्हटलं की कलाबाई मुकाट्याने आत गेल्या.

ताट आलं. कळण्याची भाकर, उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा, कांदा. मी हात जोडले, घास घेतला आणि मला रडू आलं. आवरेना. मी डोळे पुसत पुसत जेवत होते. कलाबाई समोर बसून म्हणत होत्या, "असं नका करू माय, सावकाश जेवा," आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी. मी दोन भाकरी खाल्ल्या. ताट स्वच्छ केलं. एक कणही ठेवायचा नाही, असं मनाशी म्हणत होते. प्रज्ञा दारातच उभी राहिली. ती जेवायला बसली नाही.

निघताना ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. रिक्षा दिसत नव्हती. कडेच्या बाभळीखाली आम्ही थांबलो. मी म्हटलं, "माझं चुकलं गं. स्वप्नीलला मी दिला होता मागच्या वर्षी."

"माहीत आहे."

"मग त्याच दिवशी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही लगेच दिला असता. तुमचा स्वभावच तसा आहे. मग मी तो कसा खाल्ला असता?"

ट्रक गेला, धूळ उडाली, तिने ओढणी नाकाला लावली. मग विचारलं, "अक्का, उद्या उपास करणार ना तुम्ही?"

खोटं बोलायचं नाही, हा माझा सर्वांत जुना नियम. सासूबाईंच्याही आधीचा, आईने दिलेला.

"हो," मी म्हटलं. "निर्जळी."

तिने मान हलवली. तिला तेच अपेक्षित होतं, असं दिसलं. रागावली नाही. रागावली असती तर मी तिचा हात धरला असता.

"आई खूश झाली," ती म्हणाली. "आता गल्लीत सगळ्यांना सांगेल, जळगावच्या अक्का माझ्या हातचं जेवल्या. तिला हे उपासाचं मी सांगणार नाही." तिने रिक्षा येतेय का ते बघितलं. "मला काय वाटायचं सांगू? कधीतरी तुम्ही सहज आमच्याकडे याल. आई वाढेल. आणि तुम्ही म्हणाल, कलाबाई, डाळीत मीठ कमी पडलं हो. आई चिडेल. एवढंच. आज तुम्ही रडत रडत दोन भाकरी खाल्ल्यात अक्का. आमच्या घरचं जेवण एवढं जड असतं का?"

"प्रज्ञा, तू परत ये," मी म्हटलं. "हॉलमध्ये ये. मी सगळं..."

"पानं पाठवते मी. तिन्ही. पुस्तक वेळेवर होईल, त्याची काळजी करू नका."

रिक्षा आली. तिने रिक्षावाल्याला थांबवलं, माझी पिशवी आत ठेवली, "बसस्टँडला सोडा, घाई करू नका" असं त्याला बजावलं. मी बसले. तिने हात हलवला तो नेहमीसारखाच, कोपरापासून. मग ती वळून घराकडे चालायला लागली आणि मी वळून बघितलं तेव्हा तिने मागे पाहिलं नाही.

भुसावळहून जळगावची बस लगेच मिळाली. खिडकीजवळची जागा होती. शेजारच्या बाईने विचारलं, "काय ताई, बरं नाही का?" मी नुसती मान हलवली. निर्जळी करायची नाही, एवढं मी देवाला परत सांगितलं. तो काही म्हणाला नाही. पण मनात घोळत होतं ते दुसरंच. मी डाळ आठवत होते. उडदाची होती, लसणाची फोडणी होती, वाटी पितळेची होती, हे सगळं डोळ्यांना दिसत होतं. दोन वाट्या घेतल्या होत्या मी. चव मात्र आठवेना. मीठ कमी होतं की बरोबर होतं, की जास्त झालं होतं? मी जीभ टाळ्याला लावून बघितली. पुन्हा पुन्हा पहिला घास आठवायचा प्रयत्न केला. नशिराबाद आलं, माणसं उतरली, माणसं चढली, बस पुन्हा निघाली. कलाबाईंनी मला वाढलेल्या त्या डाळीत मीठ कसं पडलं होतं, ते मला सांगता आलं नसतं.